दुर्पताच्या भुवया

२००८ सालच्या माघात, गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी कुसुमबाईंच्या डोक्यावर एक बाग पडली.

बाग कापडावरची होती. दोन खांब, खांबांवर चढलेली वेल, मागे तळं आणि तळ्यात दोन हंस. नात दीप्ती स्टुलावर चढून माळ्यावरची गुंडाळी ओढत होती. दोरी कुजकी निघाली आणि तो जुना पडदा वर्षानुवर्षांच्या धुळीसकट खाली बसलेल्या आजीवर उलगडला.

“आजी! लागलं का वो?”

“हंस लागला,” धुळीतून आवाज आला. “तुह्या आज्यानं काढला म्हून जड आहे.”

झेरॉक्सच्या मशीनपाशी उभा असलेला रत्नपाल, म्हणजे दीप्तीचा बाप, हसला नाही. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “पाहा गा. मी हा सारा कचरा माळ्यावर टाकून दुकान सुधारलं, आन माही पोट्टी तोच कचरा खाली आनून राहिली.”

त्या दुकानावर कधीकाळी ‘रत्न फोटो स्टुडिओ’ अशी पाटी होती. कुसुमबाईंचे यजमान शालिकराम शहारे यांनी ती आपल्या हातानं रंगवली होती. १९९९ साली ते गेले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत पाटीवरचा फोटो स्टुडिओ पुसला जाऊन तिथं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज आलं. ‘रत्न’ तेवढं राहिलं. दीप्ती मात्र वर्षभर गोंदियात राहून कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला शिकून आली होती आणि येताना एक नवल घेऊन आली होती. तिथल्या मोठ्या स्टुडिओत पोरंपोरी हौसेनं काळे-पांढरे फोटो काढून घेत होते. लाकडी खुर्ची, मागे रंगवलेला पडदा, हात मांडीवर, चेहरा गंभीर.

“वहाँ लाइन लगती है, आजी. सगळ्यांना पुराना जमाना पाहिजे.”

“पुराण्या जमान्यात लोक हसत काऊन नव्हते, माहीत आहे का तुले?” कुसुमबाई केसांतली धूळ झटकत म्हणाल्या. “तुहा आजा म्हणे, हाललात त फोटो गेला. त्या भेवानं सारे गंभीर.”

“बरं, आता भिंतीवर लावायला खरे जुने फोटो पाहिजेत. तुझा एक दे. तरुणपणचा.”

“माहा नाही.”

“एक तरी असंल?”

“नाही वो पोरी.”

आणि ते खरं होतं. कुसुमबाई सौंदडहून लग्न होऊन आल्या तेव्हा शालिकराम दुसऱ्याच्या स्टुडिओत पाणी भरत होते. लग्नाचा फोटो कुठून येणार? पुढे स्वतःचा कॅमेरा आला, तर प्लेट गिऱ्हाइकासाठी. “तुले त मी रोजच पाहतो,” असं शालिकराम म्हणायचे, आणि कुसुमबाईंनाही ते पटायचं. त्या सातवी शिकलेल्या होत्या, हात स्थिर होता, म्हणून नवऱ्यानं त्यांना रिटचिंगला बसवलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी एक उतरतं लाकडी डेस्क होतं. त्यात दुधी काच, खाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या बुजवायच्या. तिथं सगळं उलटं. पेन्सिलीनं जे काळं करावं ते कागदावर गोरं उमटायचं. आणि कागदावर काळं हवं असेल तर निगेटिव्ह चाकूच्या टोकानं खरवडायची. बत्तीस वर्षं त्यांनी ते केलं. तालुक्यातली निम्मी माणसं त्यांनी उजळली. गोरेगावात त्यांना कोणी ओळखत नसे, पण त्या सगळ्यांना ओळखत. रस्त्यानं जाणाऱ्या यादोरावांच्या डाव्या गालावर खरं म्हणजे विळ्याचा व्रण आहे आणि सुलोचनाबाईंचा एक डोळा किंचित लहान आहे, हे फोटोत कुणाला कधी दिसलं नाही. ते फक्त कुसुमबाईंना माहीत होतं.

पडदा झटकायला दोघींनी तो अंगणात नेला आणि परत आल्या, तर दारात एक बाई उभी होती. चाळिशीच्या पुढची, काळीसावळी, बसक्या नाकाची. एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्या काखेत टॉवेलात गुंडाळलेली चौकट.

“राम राम. फोटो सुधरवून भेटते का इथं?”

“मिळतो ना,” दीप्ती म्हणाली. “बसा, मावशी. दाखवा.”

बाईनं टॉवेल सोडला. काच तडकलेली होती. आत एका तरुण बाईचा काळा-पांढरा फोटो, खुर्चीवर बसलेला. कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात फुली, काठाचं लुगडं. अर्धा चेहरा चांगला होता. दुसऱ्या अर्ध्यात ओल शिरून भुवईपासून हनुवटीपर्यंत पिवळा-तपकिरी डाग पसरला होता.

“भिताडाले ओल आली पावसात. माही माय आहे. दुर्पता. मी सा महिन्याची होती तवा गेली. आमी हिरडाटोल्याचे, नागझिऱ्याच्या जंगलाच्या अंगाचे. फागुनात पोरीचं लगन आहे. मांडवात आमी आधी मेलेल्या पुरख्यायले जेवू घालतो. तवा मायचा चेहरा त पुरा पायजे ना वो?”

कुसुमबाईंनी चष्मा लावला. आधी त्यांना पडदा ओळखू आला, हंसांचा. मग खुर्ची. मग मांडीवर ठेवलेले हात. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या अंगानं वाकडी होती.

त्यांनी आपला उजवा हात हळूच पदराखाली घेतला. त्यांची करंगळी लहानपणी उखळाखाली सापडली होती.

“आन एक काम होतं,” बाई जरा घुटमळली. तिनं रत्नपालकडे पाहून आवाज उतरवला. “मायले थोडी काळी करता येईन का?”

दीप्तीला वाटलं आपण चुकून ऐकलं. “गोरी म्हणता का?”

“काळी म्हनलं. गोरी कायले? हे गोरेपनच माह्या जिवाले लागलं आहे.” ती स्टुलावर बसली. “माही सावत्र माय मले या फोटोसमोर उभी करे. पाह्य म्हने, माय कसी गोरी, नाक कसं उभं. आन तू कोनाची वो? बाप तसा नाई, माय तसी नाई. गावातले लोकंही म्हंत. बाप काईच बोले नाई. माहं लगन झालं तरी सासू म्हने, दुर्पताची पोरगी का कोनाची उचललेली? आता पोरीच्या सासरचे येतीन, फोटो पाहतीन. तिच्या मांगं ते बोलनं नोको लागाले. म्हून म्हंतो, थोडी काळी करा. माह्यासारखी.”

“नाव काय तुमचं?” कुसुमबाईंनी विचारलं.

“चंचल.”

चौकट ठेवून घेऊन दीप्तीनं आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. चंचलबाई बाजारात गेल्या. कुसुमबाई मात्र दिवसभर त्या स्टुलाशेजारीच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दीप्तीनं फोटो काचेतून सोडवला, कॉम्प्युटरवर घेतला आणि स्क्रीनभर मोठा केला. एवढा मोठा की गालावर पेन्सिलीच्या बारीक रेघांची खूण दिसू लागली.

“आजी, ये ना. रिटचिंग बघ कसलं केलंय. हे तुझंच काम ना?” ती थांबली. फोटोकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. “आजी… ही बाई तुझ्यासारखी दिसते.”

“करंगळी पाह्य,” कुसुमबाई म्हणाल्या.

मग त्यांनी नातीला सांगितलं. आजवर त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

सदुसष्ट सालचा उन्हाळा होता. त्या काळी कुणाचं माणूस फोटोविना गेलं, तर लोक स्टुडिओत येऊन सांगत: आता काढून द्या. मग मेलेल्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा भाऊ नाहीतर बहीण बसवायची, आणि बाकीचं पेन्सिलीनं नि चाकूनं जुळवायचं. शालिकराम असे फोटो करतात हे जंगलपट्टीपर्यंत माहीत होतं. मनीराम नावाचा वनखात्यातला मजूर आला. सोबत त्याची सासू, तिच्या कडेवर सहा महिन्यांचं लेकरू, आणि एका फडक्यात मेलेल्या बायकोचं लुगडं नि फुली. बसायला दुर्पताची बहीण आणायची होती, पण म्हातारी ऐनवेळी अडली. मेलेलीचं लुगडं नेसून दुसरी पोरगी बसली तर दुर्पता तिलाही घेऊन जाईल. गावातली एक बाई तयार होईना.

“मंग शालिकराम मले म्हणाले, तू बस. आपन काही ते मानत नाही.”

“आणि तू बसलीस?”

“बसली. लुगडं नेसली, फुली घातली. कुंकू नाही लावलं. छप्पन्न साली माह्या बाबानं धम्माची दीक्षा घेतली तवापासून माह्या कपाळाले कुंकू नाही. हे म्हणाले, फोटोपुरतं लाव. मी म्हणली, फोटोपुरतंही नाही. मी कागदावर काढतो रंगाच्या बुरशानं. अन् काढलं.”

दीप्तीनं कर्सर कुंकवावर नेला. खरंच, कडा ब्रशची होती.

“मनीराम बाहेर झाडाखाली जाऊन बसला. त्याच्यानं पाहवेना. बुडी, त्याची सासू, मात्र आठ दिवसांनी एकटी आली, पायी. दिवसभर माह्या डेस्कापाशी बसली. मी निगेटिव्हवर काम करो, हे कागदावर कच्ची कापी काढत, बुडी पाहे अन् सांगे. भुवया अशा नाईत, मधात जुडल्या होत्या. मी चाकूनं जुडवल्या. नाक एवढं उभं नाई. ते काही मले बसवता आलं नाही. मंग शेवटी म्हने, काळी होती माही पोरगी. काळी म्हून साऱ्यांनी हिनवलं तिले. आता मेल्यावर त गोरी करा.” कुसुमबाई थांबल्या. “मले काय माहीत, ते गोरेपन लेकराच्या आंगावर येईन म्हून.”

“मनीरामला कळलं नाही?”

“फोटो पाहून ढसाढसा रडला. हीच म्हने. आता त्याले कळलं नाही का त्यानं कळू दिलं नाही, कोनाले ठाऊक. बुडीनं माह्या हातावर हात ठेवून वचन घेतलं. लेकराले सांगजो नोको. तिले माय पायजे, फोटो नाई.”

दीप्तीनं फोटोतली करंगळी मोठी करून पाहिली. मग ती एकदम सरळ बसली. तिला दुसरंच काही सुचलं होतं.

“आजी, म्हणजे तुझा फोटो आहे! ह्याच्यातून मी तुला काढते. फुली काढली, कुंकू काढलं, भुवया सोडवल्या, की राहिलीस तू.”

कुसुमबाई स्क्रीनजवळ सरकल्या. चाळीस वर्षांत त्यांना स्वतःचा तरुण चेहरा पाहावासा वाटला नव्हता. आता वाटला, आणि इतका वाटला की लाज वाटली. “जमते का ते?”

“बस इथं.”

दीप्तीनं फुली पुसली. कुंकू पुसलं. भुवयांमधली जागा मोकळी केली. गोरा रंग खाली आणला. डागाळलेल्या बाजूवर चांगली बाजू उलटी करून बसवली.

“ही तू?”

कुसुमबाई पाहत राहिल्या. स्क्रीनवर एक तरुण बाई त्यांच्याकडे न पाहता थोडी बाजूला पाहत होती.

“हनुवटी अशी नव्हती वाटते.”

“कशी होती?”

त्यांनी बोटं आपल्या हनुवटीवर नेली. ती पासष्ट वर्षांची हनुवटी होती. तिचा काय उपयोग? “थोडी… निमुळती कर. नाही, एवढी नाही. गाल भर जरा. भरू नोको, राहू दे.” त्या उठल्या, भिंतीवरच्या आरशात पाहून आल्या, पुन्हा बसल्या. “भुवया मी खरवडल्या होत्या, त्या माह्या कशा होत्या ते आता तिथं नाही. खरवडलेलं परत येत नाही, पोरी.”

“अंदाजानं सांग ना.”

अंदाज! यादोरावांचा व्रण त्यांना डोळे मिटून काढता आला असता. तीस वर्षांपूर्वी मेलेल्या बकाराम कोतवालाच्या कानाची पाळी कशी चिरली होती ते सांगता आलं असतं. आणि स्वतःचा चेहरा? तो त्यांनी आरशात पाहिला होता, घाईघाईनं, वेणी घालताना, डावं-उजवं उलटं. आणि एकदा निगेटिव्हवर, काळ्याचं पांढरं झालेला, दुसऱ्या बाईच्या भुवया खरवडण्यासाठी. त्यांना आठवणाऱ्या सगळ्या चेहऱ्यांत हा एकच नव्हता. इकडे दुर्पताची आई, अक्षरओळख नसलेली बाई, आपल्या पोरीची भुवई केसाकेसानं सांगत होती. आणि आपण आपलीच हनुवटी सांगू शकत नाही? का आपल्याला कुणी नीट पाहिलंच नाही म्हणून? शालिकराम रोज पाहायचे. पण शालिकराम गेले.

“आजी, आता बघ. आता?”

चौथ्यांदा बदललेला चेहरा स्क्रीनवर होता. कुसुमबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“कोण वो ही?” त्यांनी विचारलं.

दीप्तीनं ते सगळं पुसलं आणि जुना फोटो परत आणला. फुली, कुंकू, जुळलेल्या भुवया. कुसुमबाईंना उगाच बरं वाटलं, ओळखीचं माणूस दारात दिसावं तसं. आणि लगेच गोंधळही झाला, की ओळखीचं म्हणजे कोण, मी की दुर्पता?

ते आठ दिवस त्यांना जड गेले. भात चुलीवर लागला, औषधाची गोळी दोनदा घेतली गेली. वचन म्हातारीला दिलेलं होतं आणि म्हातारी कधीच गेली होती. सांगितलं तर त्या पोरीची माय जाणार. न सांगावं तर ‘तू कोनाची’ हे पोरीच्या पोरीपर्यंत जाणार. रत्नपालला त्यांनी आडून विचारून पाहिलं, तो म्हणाला, “आई, तू जंगलपट्टीच्या भानगडीत पडू नोको. ज्याचं त्याले माहीत.” इथं तर ज्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

चंचलबाई ठरल्या दिवशी आल्या, लग्नाची पत्रिका घेऊनच. “झाली का माय काळी?”

“ये, आत ये,” कुसुमबाई म्हणाल्या. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं, डेस्क होतं त्या खिडकीपाशी बसवलं, आणि आपला उजवा हात फोटोशेजारी ठेवला.

चंचलबाईंनी करंगळी पाहिली. फोटोतली पाहिली. पुन्हा ही पाहिली.

“म्हंजे?”

कुसुमबाईंनी सगळं सांगितलं. म्हातारीचं भ्याव, लुगडं, भुवया, न बसलेलं नाक, पेन्सिलीचा गोरेपणा. सांगताना एकदाही थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

चंचलबाई ऐकून घेत होत्या. मग हसल्या, विचित्रपणे, नाकातून. “म्हंजे एवढी वर्सं मी तुमच्या पाया पडून राहिली?”

“हो वो बाई.”

“परीक्षेले जाताना पडली. लगनात पडली. पोरगा मेला तवा या फोटोले शिव्या देल्या म्या. त्या तुमाले लागल्या का?”

“लागल्या असतीन. मले कुठं समजलं?”

“आन माही माय? ती कोठी आहे मंग यात?” आता तिचा आवाज चढला. “एवढ्या मोठ्या फोटोत माही माय कोठीच नाई? लुगडंच फक्त? मंग कायले सांगतलं? चांगली होती ना मले, गोरी त गोरी! आता मांडवात कोनाले ठेवू? तुमाले?”

पुढच्या खोलीतून रत्नपालनं मान वळवून पाहिलं. दीप्ती दारात येऊन उभी राहिली होती.

कुसुमबाईंनी बोटानं फोटोतली शाबूत असलेली भुवई दाखवली. “ही तुह्या मायची. ही तुह्या आजीनं सांगतली अन् मी खरवडली. केस न् केस. मी तुह्या मायले कधी पाहिलं नाही, पण ही भुवई मले माहीत आहे.” त्यांनी बोट उचलून चंचलबाईंच्या कपाळाकडे नेलं, टेकवलं नाही. “आरशात पाह्य.”

आरसा तिथंच होता. चंचलबाई उठून त्याच्यासमोर गेल्या. दोन दाट भुवया, मधोमध जुळलेल्या. नाकापायी आणि रंगापायी एक्केचाळीस वर्षांत त्या भुवयांकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या परत येऊन बसल्या. त्यांनी फोटो जवळ ओढला.

“एक इचारू? ही फोटोत कुठं पाहून राहिली? लहानपनापासून मी त्या अंगाले जाऊन उभी राहो. मले वाटे, मायची नजर पडन आंगावर. पन भिताडालेच खेटून जाये मी.”

“कॅमेऱ्याच्या बाजूले तुही आजी उभी होती, तुले घेऊन. तू टाहो फोडून राहिली होती. हे मले म्हणत होते, समोर पाह्य. माही नजर काही हटली नाही.” कुसुमबाई म्हणाल्या. “तुह्याकडेच पाहत होती.”

चंचलबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. रडल्या मात्र नाहीत. मग नाक ओढून, बाजारात भाव विचारावा तशा सरळ आवाजात दीप्तीला म्हणाल्या, “अर्धी भुवई त ओलीनं खाल्ली. ती कसी करशीन?”

दीप्तीनं आजीकडे पाहिलं, आजीनं मान हलवली. “मावशी, तुमची घेऊ? तुम्ही खुर्चीवर बसा. जुन्या पद्धतीनं. मी तुमचा डावा अर्धा फोटोत बसवते.”

अशा तऱ्हेनं हंसांच्या पडद्यासमोर, चाळीस वर्षांनी त्याच खुर्चीवर, चंचलबाई बसल्या. हात मांडीवर ठेवले. दीप्ती म्हणाली, हसलात तरी चालेल. त्या म्हणाल्या, “पुरख्यायच्या फोटोत कोनी हसते का वो?” आणि सवयीनं, कुणी न सांगता, त्यांनी नजर थोडी बाजूला घेतली. तिथं कुसुमबाई उभ्या होत्या.

फोटो तयार झाला. उजवा अर्धा जुना, डावा अर्धा चंचलचा, दोन्हीचा रंग मध्यावर आणलेला. नाकाचं काय करावं यावर बराच खल झाला. चंचलबाई शेवटी म्हणाल्या, “नाक राहू द्या बाईचं. एवढं त्यायनं सांभाळलं.” नवी चौकट घेऊन त्या निघाल्या तेव्हा जुना, ओलीनं खाल्लेला फोटो त्यांनी कुसुमबाईंच्या हातात दिला. “हा तुमी ठेवा. पोरगी सांगे, तुमाले तरनेपनचा एकही नाई.”

लग्न फाल्गुनात झालं. कुसुमबाईंना बोलावणं होतं. त्या गेल्या नाहीत, गुडघे दुखत होते. त्यातलं खरं किती, ते दीप्तीनं विचारलं नाही. लग्नानंतर चंचलबाईंचा निरोप मात्र आला. व्याहीण फोटो पाहून म्हणाली होती, पोरगी आजीवर गेली.

त्या चंचलबाई पुढे नागझिऱ्याच्या फाटकाजवळच्या एका खानावळीत भाकऱ्या करायला लागल्या, अजून करतात. मुलगी देवरीकडे नांदते, तिला दोन पोरं. दीप्तीचा जुन्या जमान्याचा धंदा दोन वर्षं बरा चालला. मग फोनमध्येच एक बटण आलं, ते दाबलं की कुणीही काळा-पांढरा होतो. ती लग्न होऊन नागपूरला गेली. हंसांचा पडदा रत्नपालनं अंगणातल्या धानाच्या पोत्यांवर झाकायला घेतला. लाकडी खुर्ची दुकानात आहे, रिचार्जची गिऱ्हाइकं तिच्यावर बसतात.

कुसुमबाई २०१३ च्या पावसाळ्यात गेल्या, दोन दिवस ताप येऊन. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तेव्हा मतदार कार्डावरचा काढून मोठा करून घेतला. बुद्धाच्या तसबिरीखाली तो लावला, मेणबत्ती लावली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हिरडाटोल्याहून चंचलबाई आल्या, पांढरी फुलं घेऊन. फोटोपुढे उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि बाहेर येऊन रत्नपालला म्हणाल्या, “भाऊ, हा त्यायच्यासारखा नाई वाटत.”

सामान आवरताना दीप्तीला पेटीच्या तळाशी, नऊवारीच्या घडीत, तो जुना फोटो सापडला. ओल होती तेवढीच होती. फुली जागच्या जागी होती, लुगड्याचा काठ, जुळलेली भुवई, सगळं जिथल्या तिथं. फक्त कपाळाच्या मधोमध, जिथं ब्रशनं काढलेलं कुंकू होतं, तिथं ओलं बोट फिरवल्यासारखा कागद किंचित खरखरीत झाला होता, आणि कपाळ स्वच्छ होतं.